अंधारातील कोळंबी

बोर्ली पंचतन, दिवेआगर या बाजूच्या मुलांना कोळंबी काही नवी नाही. तिचे देठावर बसविलेले काळेभोर डोळे त्यांनी अनेकदा पाहिले असतील. परंतु जेथे सूर्याचा किरण कधीच पोहोचत नाही, अशा ठिकाणी जन्मलेल्या कोळंबीला डोळ्यांचा काय उपयोग? अशी कोळंबी आपल्याच देशातील एका गुहेत सापडली. तिचे वर्णन जगापुढे मांडणारे प्राणिशास्त्रज्ञ म्हणजे स्टॅनली केंप.

केंप यांचा जन्म 1882 साली लंडन येथे झाला. डब्लिन येथे शिक्षण घेऊन त्यांनी काही वर्षे आयर्लंडच्या मत्स्यविभागात काम केले आणि 1910 साली ते कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममध्ये आले. ज्यांच्या पायांना सांधे असतात अशा कीटक, कोळी, गोम, खेकडा इत्यादी प्राण्यांना संधिपाद म्हणतात. त्यांपैकी खेकडे व कोळंबी हा केंप यांचा विशेष अभ्यासविषय होता. 1911 साली आजच्या अरुणाचल प्रदेशातील डोंगरांत एका मोहिमेबरोबर गेले असता, दगड उलथून पाहताना त्यांना मऊ अंगाचा, अनेक पायांचा आणि डोळे नसलेला एक विलक्षण प्राणी मिळाला होता.

पुढे 1922 साली केंप आणि त्यांचे भारतीय सहकारी बी. एन. चोप्रा गारो टेकड्यांत सिजू येथे गेले. हा भाग आता मेघालय राज्यात आहे. तेथील चुनखडकाच्या गुहेतून एक ओढा वाहतो. आत वटवाघळांची एवढी वस्ती आहे की, गुहेचे स्थानिक नावच वटवाघळांवरून पडले आहे. आतील प्राण्यांची पद्धतशीर पाहणी तोवर झालेली नव्हती. हे दोघे दिव्याच्या उजेडात पाण्यातून व चिखलातून वाट काढीत दूरवर आत गेले. दिसेल तो किडा उचलायचा, एवढेच त्यांचे काम नव्हते. प्रत्येक प्राणी तोंडापासून किती आत मिळाला, याची नोंद ते ठेवीत. ती नोंद नसती, तर उजेडातून चुकून आत आलेला जीव कोणता आणि अंधाराचा खरा रहिवासी कोणता, हे कळणार कसे?

हिरवे पान न उगवणाऱ्या त्या जागी जीव जगतात तरी कशावर? मुख्यतः वटवाघळांच्या विष्ठेवर! वटवाघळे रात्री बाहेर जाऊन पोट भरून येतात आणि त्यांच्यामुळे बाहेरचे अन्न आत पोहोचते. या शिदोरीवर कितीतरी लहान जीव पोसले जातात व त्यांच्यावर कोळ्यांसारखे शिकारी जगतात.

ओढ्यातील कोळंबी मात्र सर्वांत नवलाची ठरली. ती आंधळी नव्हती. पण तिचे डोळे बाहेरच्या कोळंबीपेक्षा लहान होते. जणू निसर्गाचे एक काम अर्ध्यावर असतानाच केंप यांनी पाहिले! 1924 साली गुहेचा सविस्तर वृत्तान्त कलकत्त्याहून प्रसिद्ध झाला.

त्यानंतर केंप दक्षिण महासागरातील देवमाशांच्या संशोधनासाठी ‘डिस्कव्हरी’ जहाजावरील पथकाचे प्रमुख झाले. तेथेही कोळंबीसारख्या एका लहान प्राण्याशीच त्यांची गाठ पडली, कारण देवमाशांचे मुख्य अन्न तेच! 1936 पासून ते प्लिमथ येथील सागरी प्रयोगशाळेचे संचालक होते. 1941 च्या बाँबहल्ल्यात त्यांचे घर व ग्रंथसंग्रह नष्ट झाला; तरी ते काम करीत राहिले. 1945 च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले. सिजूच्या नोंदी मात्र पूर्वीच छापल्या गेल्या होत्या. त्या गुहेत पुढे उतरलेल्या अभ्यासकांना त्यांचाच आधार मिळाला.