सॅम्युएल पियरपाँट लँग्ले

सॅम्युएल पियरपाँट लँग्ले (२२ ऑगस्ट १८३४ – २७ फेब्रुवारी १९०६) हे अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ आणि विमानविद्येचे आद्य प्रयोगकर्ते होते. अवरक्त प्रारण मोजणाऱ्या बोलोमीटर या उपकरणाचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

जीवन

लँग्ले यांचा जन्म मॅसॅच्युसेट्समधील रॉक्सबरी येथे झाला. महाविद्यालयीन शिक्षण न घेता त्यांनी स्थापत्य व अभियांत्रिकीची कामे केली. १८६७ मध्ये ते पेनसिल्व्हेनियातील ॲलेघेनी वेधशाळेचे संचालक झाले. वेधशाळेच्या खर्चासाठी त्यांनी रेल्वे कंपन्यांना अचूक वेळ पुरवण्याची सशुल्क सेवा सुरू केली. १८८७ मध्ये ते स्मिथसोनियन संस्थेचे सचिव झाले.

बोलोमीटर

सुमारे १८८० मध्ये सिद्ध झालेल्या या उपकरणात काजळी लावलेली धातूची अतिशय पातळ पट्टी असते. प्रारण पडताच ती तापते व तिचा विद्युत रोध बदलतो. व्हीटस्टन सेतू व गॅल्व्हानोमीटर यांच्या साहाय्याने हा बदल मोजतात. तापमानातील एक अंशाच्या लक्षांश भागाएवढा फरकही त्यात नोंदला जाई.

सौर स्थिरांक

वातावरण प्रत्येक तरंगलांबी वेगळ्या प्रमाणात शोषते, हे ओळखून लँग्ले यांनी सूर्याच्या निरनिराळ्या उंचीवर वेध घेतले आणि त्यांवरून वातावरणाबाहेरील तीव्रतेचे अनुमान काढले. त्यासाठी १८८१ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियातील माउंट व्हिटनीवर मोहीम नेली. मात्र शोषणापोटी त्यांनी केलेली दुरुस्ती अवाजवी ठरली. त्यांचे मूल्य दर चौरस सेंटिमीटरला मिनिटास सुमारे ३ कॅलरी होते. आजचे मूल्य सुमारे १.९५ आहे. त्यांचे सहायक चार्ल्स ॲबट यांनी पुढे ही चूक दुरुस्त केली. उपकरण सूक्ष्म असले, तरी प्रमाणीकरण सदोष असल्यास निष्कर्ष चुकतो, याचे हे ठळक उदाहरण होय. मूळ पद्धत मात्र टिकली; सूर्यप्रकाशमापकांच्या प्रमाणीकरणासाठी ती आजही वापरतात.

चंद्राच्या अवरक्त प्रारणाची त्यांनी व फ्रँक व्हेरी यांनी केलेली मोजमापे स्वांटे अर्‍हेनियस यांनी १८९६ मध्ये कार्बन डायऑक्साइडच्या तापमानावरील परिणामाच्या गणितासाठी वापरली.

विमानप्रयोग

६ मे १८९६ रोजी लँग्ले यांचे वाफेवर चालणारे मानवरहित विमान पोटोमॅक नदीवर सुमारे १ किलोमीटर उडाले. १९०३ मधील मानवासह उड्डाणाचे दोन्ही प्रयत्न फसले. दुसऱ्या अपयशानंतर नऊच दिवसांनी राइट बंधूंनी यशस्वी उड्डाण केले.

वारसा

सौर ऊर्जेच्या मापनातील 'लँग्ले' हे एकक आणि व्हर्जिनियातील नासाचे लँग्ले संशोधन केंद्र त्यांच्या नावाने ओळखले जाते. या केंद्राच्या 'सेरेस' प्रकल्पातील उपग्रहीय उपकरणे बोलोमीटरच्याच तत्त्वावर चालतात. ज्ञात तापमानाच्या कृष्णवस्तूकडे पाहून अंतराळातच त्यांचे प्रमाणीकरण तपासले जाते.