बाळाचा पहिला श्वास : डॉ. व्हर्जिनिया अपगार

भगिनींनो, माझे शिक्षण सातवीपर्यंत. थोरांची चरित्रे लिहिण्याचा माझा अधिकार नाही. पण माझा धाकटा जन्मला तेव्हा लगेच रडला नाही. ते क्षण आईलाच ठाऊक! नर्सबाईंनी पाठ चोळली, तेव्हा कोठे त्याने टाहो फोडला. पुढे त्याच्या कागदावर ‘अपगार’ असे लिहून दोन आकडे घातलेले दिसले. ते एका बाईचे आडनाव, हे मला फार उशिरा कळले.

डॉ. व्हर्जिनिया अपगार यांचा जन्म १९०९ साली अमेरिकेत न्यू जर्सी येथे झाला. एक भाऊ क्षयाने गेला, दुसरा सदा आजारी. १९३३ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. शस्त्रक्रियेत बाईचा जम बसणे कठीण, असे वरिष्ठांनी सुचविले. त्या रुसून बसल्या नाहीत. भूल देण्याचे शास्त्र शिकल्या आणि १९४९ मध्ये कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापिका झाल्या.

बाळंतिणीला भूल देताना बाळाकडे नीट पाहिले जात नाही, हे त्यांना खटके. म्हणून १९५२ साली त्यांनी गुणांची सोपी रीत मांडली. हृदयाचे ठोके, श्वास, हातापायांतील जोर, चिमटा घेता बाळ कसे करते आणि अंगाचा रंग, या प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण, एकूण दहा. पुढे सहकाऱ्यांसह पाहता आढळले, की सायक्लोप्रोपेन हा भुलीचा वायू आईला दिल्यास बाळाचे गुण कमी येतात. आईचे औषध वारेतून बाळाच्या रक्तात जाते. आई गुंगली की बाळही गुंगते आणि त्याचा श्वास मंदावतो. कळांवरचे पेथिडिनचे इंजेक्शन प्रसूतीच्या थोडे आधी दिले, तरी असे होऊ शकते.

म्हणून औषध वाईट असे नव्हे. दिवस भरण्याआधीच प्रसूती होण्याची भीती असेल, तर बाळाच्या फुप्फुसांना बळ यावे म्हणून डॉक्टर मुद्दाम इंजेक्शन देतात. परंतु आपल्या धामणकर नाक्यावर दिवस गेलेली सून शेजारणीच्या सांगण्यावरून झोपेची वा दुखण्याची गोळी घेते, आणि डॉक्टरांपाशी अवाक्षर काढत नाही. भगिनींनो, तसे करू नका. डॉक्टरांची गोळी मनाने बंद करू नका, घेतलेली गोळी त्यांच्यापासून लपवू नका.

अपगारबाई १९७४ साली गेल्या. त्यांनी लग्न केले नाही, मूलबाळ नव्हते. पण जन्मल्याबरोबर लेकराकडे पाहायला त्यांनी जगाला शिकविले. त्यांना माझा नमस्कार.