राज्यघटना नुसती ऐकू नका!

घोलवड, बोर्डी, डहाणू, तलासरी या पट्ट्यातील आमची तरुण पोरे अलीकडे मोबाईलवर राज्यघटनेचे पॉडकास्ट ऐकतात. गाडीची वाट पाहताना, चिकूच्या वाडीत काम करताना कानात कलम १४ आणि कलम २१ चालू असते. आम्हाला याचा आनंदच आहे. ज्या समाजाच्या कानावर ज्ञानाचा शब्द पडू नये म्हणून धर्मशास्त्राने शिक्षा सांगितल्या, त्या समाजाचा कान आज सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे ऐकतो आहे. ही क्रांती लहान नाही.

पण ऐकीव गोष्ट सर्वसाधारणपणे पुरावा ठरत नाही, हे कोणताही वकील सांगेल. म्हणून कायदा कसा शिकावा, हे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रातूनच समजून घेतले पाहिजे. घटनेचे शिल्पकार म्हणून आपण त्यांचा जयजयकार करतो. कायद्याचे विद्यार्थी आणि कायद्याचे शिक्षक म्हणून बाबासाहेब आपल्याला फारसे माहीत नसतात.

बाबासाहेबांनी १९१६ साली लंडनला ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातले. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धे टाकून त्यांना परतावे लागले. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पै पै साठवली. राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांची उसनवारी यांच्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२२ साली बॅरिस्टर झाले. अर्धपोटी राहून, ग्रंथालयाची दारे बंद होईपर्यंत त्यांनी मूळ ग्रंथ वाचले. सारांशावर त्यांनी कधीच समाधान मानले नाही.

१९२३ साली मुंबईत वकिली सुरू केली तेव्हा अस्पृश्य बॅरिस्टरला काम द्यायला सॉलिसिटर तयार नव्हते. मिळतील ते खटले त्यांनी चालवले. संसार चालावा म्हणून १९२५ ते १९२८ या काळात एका हिशेबनीसांच्या शिक्षणसंस्थेत व्यापारी कायदा शिकवला. १९२६ साली पुण्याच्या 'देशाचे दुश्मन' खटल्यात जेधे-जवळकर या ब्राह्मणेतर पुढाऱ्यांची बाजू त्यांनी जिंकून दिली. १९२८ साली ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात शिकवू लागले आणि १९३५ साली त्याच कॉलेजचे प्राचार्य झाले.

पण बाबासाहेबांचा कायदा वर्गात संपत नव्हता, हे महाडने दाखवून दिले. सार्वजनिक पैशाने बांधलेली तळी, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे कागदावर खुले केले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी प्राशन करून कागदावरचा हक्क प्रत्यक्षात आणला. सवर्णांनी लगेच दावा लावला. तळे आमचे आहे आणि अस्पृश्यांना मज्जाव ही आमची पूर्वापार वहिवाट आहे, असे त्यांचे म्हणणे होते. डिसेंबरात कोर्टाचा मनाईहुकूम आला. परिषदेला हजारो लोक जमलेले, सत्याग्रहाला उतावीळ झालेले. तरीही बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला आणि लढा कोर्टात नेला. मात्र २५ डिसेंबरला त्याच परिषदेत मनुस्मृती जाळली. एका हाताने कोर्टाचा मान राखला, दुसऱ्या हाताने अन्यायाच्या कायद्याला अग्नी दिला.

दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला. वहिवाट सांगणाऱ्याने ती पुराव्याने सिद्ध केली पाहिजे, हे या खटल्याचे मर्म होते आणि वादींना ते जमले नाही. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने हा निकाल मुळातून वाचावा. त्यानंतर राज्यघटनेचे कलम १५, पोटकलम २ उघडावे. तेथे विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते यांचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम १३ पाहावे, तेथे रूढी आणि वहिवाट यांनाही कायद्याच्या व्याख्येत आणून मूलभूत हक्कांच्या कसोटीला लावले आहे. चवदार तळ्याचे पाणी राज्यघटनेत कसे झिरपले, ते दहा मिनिटांच्या पॉडकास्टमध्ये मावत नाही. त्यासाठी ठराव, दावा, निकाल आणि कलम एकापुढे एक ठेवून वाचावे लागतात.

मग बाबासाहेब कानाने शिकण्याच्या विरुद्ध होते काय? मुळीच नाही. त्यांनी 'मूकनायक' १९२० साली आणि 'बहिष्कृत भारत' १९२७ साली काढले, तेव्हा समाजात अक्षरओळख असलेले थोडेच. वस्त्यावस्त्यांत एकाने वाचायचे आणि दहांनी ऐकायचे. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांच्या जलशांनी बाबासाहेबांचा विचार खेड्यापाड्यांत नेला. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी स्वतः बाबासाहेब आकाशवाणीवरून बोलले. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतली नसून बुद्धाकडून घेतली आहेत, हे त्यांनी देशाला ऐकवले. कायदा हे संरक्षण आहे, पण बंधुता नसेल तर तो अपुरा पडतो, हेही त्यांनी त्या भाषणात मांडले. तथागतांचा धम्म तर ग्रंथबद्ध होण्यापूर्वी शेकडो वर्षे भिक्खूंनी ऐकून आणि पाठ करूनच जपला. पण त्याच तथागतांनी कालामांना बजावले, की केवळ परंपरेने ऐकत आलो म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या. बाबासाहेबांनी कायदा असाच पारखून घेतला.

आमच्या भागात याची गरज अधिक आहे. डहाणू आणि तलासरी हे तालुके अनुसूचित क्षेत्र आहेत. कलम २४४ आणि पाचवी अनुसूची इथे लागू आहे. पाचव्या अनुसूचीचा सुधारित मसुदा ५ सप्टेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढे बाबासाहेबांनीच मांडला आणि आदिवासींचे नेते जयपालसिंग यांनी त्यावर कठोर टीका केली. ती चर्चाही वाचण्यासारखी आहे. अनुसूचित क्षेत्रात सरकारचा कोणताच कायदा चालत नाही, असे अर्धवट ऐकून काही तरुण आमच्याशी वाद घालतात. अनुसूचीच्या पाचव्या परिच्छेदात तसे म्हटलेले नाही. एखादा कायदा तेथे लागू नाही, किंवा फेरफार करून लागू आहे, अशी अधिसूचना राज्यपाल काढू शकतात. अधिसूचना नसेल तर कायदा लागूच असतो. या अर्ध्या ज्ञानावर विसंबून कोणी नोटिशीला उत्तर दिले नाही, मुदत घालवली, तर जमीन त्याची जाईल. पॉडकास्टवाल्याचे काहीच जाणार नाही.

उलट जे हक्क खरोखर आहेत, ते कोणाच्या कानीच पडत नाहीत. १९९६ चा पेसा कायदा भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरील पंचायतीशी सल्लामसलत बंधनकारक करतो. जमिनीचे हस्तांतरण रोखण्याचा अधिकार देतो. समाजाच्या चालीरीती जपण्याचे सामर्थ्य ग्रामसभेला आहे, असे म्हणतो. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली केले. माणसाचे पाणी तोडणारी वहिवाट कोर्टात टिकली नाही, आणि वारली समाजाचे जंगल राखणाऱ्या चालीरीतीला संसदेने मान दिला. दोन्ही गोष्टी एकाच घटनेच्या छत्राखाली बसतात. हा फरक ज्याला कळला, त्याला राज्यघटना कळली असे आम्ही समजतो.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना घटनात्मक नीतिमत्तेचा मुद्दा पुढे आणला होता. ती उपजत नसते, प्रयत्नाने अंगी बाणवावी लागते, असे त्यांचे मत होते. महापरिनिर्वाणाच्याच वर्षी, १९५६ मध्ये, त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ लॉ कॉलेज सुरू केले. शेवटपर्यंत त्यांना कायदा शिकणारा समाज हवा होता.

तेव्हा बांधवांनो, पॉडकास्ट जरूर ऐका. पण जे कलम ऐकाल, ते त्याच रात्री मराठी राज्यघटनेत उघडून वाचा. दर रविवारी विहारात एक कलम मोठ्याने वाचा, ज्यांना वाचता येत नाही त्यांना पुढे बसवा. वारली पाड्यांतील बांधवांना बोलवा, पाचवी अनुसूची त्यांच्यासोबत वाचा. पुढच्या ग्रामसभेला पेसाच्या नियमांची प्रत हातात घेऊन जा. हाती कागद असला की तलाठ्यापासून कलेक्टरपर्यंत प्रत्येकाला त्याचे उत्तर द्यावे लागते.

जयभीम!