सातासमुद्रापलीकडचा संसार : पूज्य कस्तुरबा

महात्माजींवर जैन विचारांचे संस्कार झाले, हे आपल्या समाजात नेहमी अभिमानाने सांगितले जाते. 1888 साली विलायतेस निघताना बेचरजी स्वामी या जैन मुनींनी त्यांच्याकडून मांस, मद्य व परस्त्री यांच्या त्यागाची प्रतिज्ञा घेतली. पुढे श्रीमद् राजचंद्र त्यांचे मार्गदर्शक झाले. मात्र कोणत्याही मुनींसमोर उभे न राहता ज्या माउलीने परदेशी भूमीवर आपले व्रत प्राणपणाने सांभाळले, तिचे स्मरण आपण क्वचितच करतो.

कस्तुरबांचा जन्म 1869 साली पोरबंदरच्या व्यापारी घराण्यात झाला. माहेरचे आडनाव कापडिया, त्यामुळे आम्हां कापडवाल्यांना त्या जरा अधिकच आपल्या वाटतात. बालपणीच विवाह झाला. अक्षरओळख बेताचीच होती. डिसेंबर 1896 मध्ये हरिलाल, मणिलाल व भाचा गोकुळदास यांना घेऊन त्या पतीसमवेत दक्षिण आफ्रिकेतील डर्बन बंदराजवळ पोहोचल्या, तेव्हा त्या गर्भवती होत्या. सुमारे तीन आठवडे जहाज बंदराबाहेरच अडवून ठेवले गेले. 13 जानेवारी 1897 रोजी त्या मुलांसह गाडीने पारसी रुस्तमजींच्या घरी सुखरूप गेल्या. मागाहून पायी येणाऱ्या पतीवर मात्र गोऱ्या जमावाने हल्ला केला. परक्या देशात त्यांच्या संसाराचा आरंभ असा झाला. रामदास व देवदास हे दोघे धाकटे पुत्र त्याच भूमीवर जन्मले.

1901 साली स्वदेशी परतताना हिंदी बांधवांनी मौल्यवान भेटी दिल्या. त्यांत बांसाठी पन्नास गिनींचा सोन्याचा हार होता. गांधीजींनी सर्व भेटींचा विश्वस्तनिधी करण्याचे ठरविले. बांनी अश्रू ढाळून विरोध केला. हे दागिने आपल्या सुनांसाठी राहावेत, अशी त्यांची इच्छा होती. या प्रसंगाकडे अपरिग्रहाचा धडा म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखकास मात्र तो बांचा लोभ वाटत नाही. चार मुलांच्या आईने उद्याची तजवीज पाहणे हाही गृहस्थधर्मच होय. हार अखेर परत गेलाच.

पुढे त्या पुन्हा आफ्रिकेत गेल्या. 1909 च्या सुमारास त्या अत्यवस्थ झाल्या. देह इतका क्षीण होता, की भूल न देताच शस्त्रक्रिया करावी लागली. नंतर डॉक्टरांनी शक्तीसाठी गोमांसाचा काढा देण्याचा आग्रह धरला. पतीने निर्णय त्यांच्यावर सोपविला. तो आपण घेणार नाही, पतीच्या मांडीवर मरण आले तरी चालेल, असे त्यांनी ठामपणे सांगितले. भर पावसात, तशाच अवस्थेत, त्यांना फिनिक्स आश्रमात नेण्यात आले आणि त्या वाचल्या. अहिंसेवर व्याख्याने पुष्कळ होतात, परंतु मृत्युशय्येवर घेतलेली अशी कसोटी विरळाच!

1913 साली तेथील न्यायालयाच्या एका निर्णयाने ख्रिस्ती विधीने न झालेले विवाह अमान्य ठरू लागले. हिंदी स्त्रीच्या पत्नीपदावरच घाला आला. फिनिक्सहून निघालेल्या सत्याग्रहींच्या पहिल्या तुकडीत बा तीन अन्य स्त्रियांसह सामील झाल्या व तीन महिन्यांची सक्तमजुरी भोगून अत्यंत कृश होऊन परतल्या.

1914 साली त्यांनी आफ्रिका सोडली, पण संसार दोन किनाऱ्यांवर विभागला गेला. मणिलाल पुन्हा फिनिक्सला गेले. 1927 साली अकोल्याच्या मश्रुवाला कुटुंबातील सुशीलाबेन त्यांच्या पत्नी झाल्या आणि त्या नातवंडांचे घर समुद्रापलीकडेच राहिले. ज्येष्ठ पुत्र हरिलाल शिक्षणाच्या प्रश्नावरून पित्यापासून दुरावले. 1918 च्या साथीत त्यांच्या पत्नीचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या पोरक्या लेकरांना बांनी पोटाशी धरले. थोर कार्याची किंमत घरातील मुलांनीही मोजली, हे नाकारता येणार नाही.

पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील बंदिवासात, अखेरच्या दिवसांत, हरिलाल भेटीस आले ते व्यसनाच्या अमलाखाली. बांनी कपाळ बडवून घेतले. दिनांक 22 फेब्रुवारी 1944, महाशिवरात्रीच्या दिवशी त्यांनी देह ठेवला. पतीने कातलेल्या सुताची साडी त्यांनी जपून ठेवली होती. तीच नेसवून त्यांना निरोप देण्यात आला. अग्निसंस्कार देवदासांनी केला. मणिलाल त्या वेळी आफ्रिकेत होते.