सेवासदनाच्या रमाबाई

घरात कोणी आजारी पडले म्हणजे आपण डॉक्टरांना गाठतो. डॉक्टर रुग्णाला तपासतात, औषध लिहून देतात आणि दुसऱ्या रुग्णाकडे वळतात. पण त्यानंतरची सारी रात्र रुग्णाच्या उशाशी कोण बसते? घसा कोरडा पडला असता घोटभर पाणी कोण देते? वेदना कोठे होत आहेत, भीती कशाची वाटते, हे मायेने कोण विचारते? घरी हे काम आई किंवा आजी करते. रुग्णालयात ते परिचारिकेला करावे लागते. आज या कामाला समाजात मान आहे. परंतु एक काळ असा होता, की घरंदाज म्हणविणाऱ्या कुटुंबातील स्त्रीने परिचारिका होणे म्हणजे कुळाला बट्टा लावणे, असे लोक समजत. हा समज दूर करण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत रमाबाई रानडे यांचे नाव अग्रभागी आहे.

रमाबाईंचा जन्म १८६२ साली कुर्लेकर घराण्यात झाला. त्यांचे माहेर सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावचे. मुलींना अक्षरओळख करून देणे हे त्या काळी अशुभ मानीत असत. त्यामुळे लहानपणी पाटी-पुस्तक त्यांच्या वाट्याला आले नाही. १८७३ साली, वयाच्या अवघ्या अकराव्या वर्षी, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पती वयाने वीस वर्षांनी मोठे आणि विद्वत्तेबद्दल साऱ्या महाराष्ट्रात विख्यात. पत्नी मात्र निरक्षर! माधवरावांनी विवाहानंतर लगेच स्वतःच तिला शिकविण्यास आरंभ केला.

हे शिक्षण सुखासुखी झाले नाही. पुण्याच्या त्या मोठ्या घरात अनेक वडीलधाऱ्या स्त्रिया होत्या. सुनेने वाचावे, त्यातून इंग्रजी वाचावे, हे त्यांना मुळीच रुचत नसे. त्या टोमणे मारीत, अबोला धरीत. इंग्रजी शिकविण्यासाठी एक युरोपीय बाई येऊ लागल्या, तेव्हा त्यांचा विटाळ झाला म्हणून धडा संपताच रमाबाईंना स्नान करावे लागे. उलट उत्तर देऊ नये आणि अभ्यासही सोडू नये, अशी माधवरावांची शिकवण होती. रमाबाईंनी ती तंतोतंत पाळली. आपल्याशी कोणी गोड शब्द बोलत नाही, तेव्हा मनाला काय वाटते, हे त्यांनी त्या कोवळ्या वयात पुरेपूर अनुभवले. तो अनुभव पुढे त्यांना फार उपयोगी पडला.

१६ जानेवारी १९०१ रोजी माधवरावांचे निधन झाले. अखेरच्या आजारात रमाबाई त्यांच्या सेवेत अहोरात्र होत्या. पतीच्या मृत्यूनंतर सुमारे एक वर्ष त्या घराबाहेर पडल्या नाहीत. त्या काळच्या रूढीप्रमाणे विधवा स्त्रीचे उरलेले आयुष्य असेच चार भिंतींत सरावयाचे; पण रमाबाईंनी आपले दुःख कवटाळून बसण्याऐवजी इतरांची दुःखे पाहावयाचे ठरविले. त्या पुण्याच्या कारागृहातील स्त्री-कैद्यांना भेटू लागल्या. त्यांच्याजवळ बसावे, त्यांच्या सुखदुःखाची विचारपूस करावी, चांगल्या गोष्टी सांगाव्या, असा त्यांचा परिपाठ सुरू झाला. त्याचप्रमाणे त्या रुग्णालयांतही जाऊ लागल्या. जाताना रुग्णांसाठी फळे, फुले आणि पुस्तके नेत.

फुलाने रोग बरा होत नाही, हे रमाबाईंना का ठाऊक नव्हते? परंतु रुग्णालयाच्या खाटेवर एकाकी पडलेल्या माणसाला, आपली आठवण ठेवून कोणीतरी येते, एवढ्यानेच केवढा धीर येतो! त्यातून तो काळ कसा होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. १८९७ च्या प्लेगच्या साथीत पुण्याने भयंकर दिवस पाहिले होते. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता त्याच वर्षी त्या रोगाला बळी पडल्या होत्या. रुग्णालयात गेलेला मनुष्य परत येत नाही, अशी धास्ती लोकांच्या मनात बसली होती. खेड्यातून आलेली एखादी बाई तेथे आली, म्हणजे तिला औषधांच्या वासाची भीती वाटे, परक्या हातचे पाणी पिण्याचा संकोच वाटे; आणि पुरुष डॉक्टरसमोर आपले दुखणे सांगताना तर तिची जीभच उचलत नसे. रोग्याने दुखणे सांगितलेच नाही, तर डॉक्टर तरी औषध कशावर देणार? अशा वेळी तिच्याजवळ बसून, तिच्याच बोलीत दोन शब्द बोलून, तिचे मन मोकळे करणारी शिकलेली स्त्री हवी होती. आणि नेमकी तीच मिळत नव्हती.

ही उणीव आणखी काही थोर माणसांच्याही ध्यानात आली होती. १९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल या दोन समाजसुधारकांनी स्त्रियांना सेवेचे शिक्षण देणारी संस्था काढण्याचा संकल्प केला व रमाबाईंना साहाय्य मागितले. मुंबईत सेवासदन स्थापन झाले आणि रमाबाई त्याच्या अध्यक्ष झाल्या. पुढल्याच वर्षी, १९०९ साली, पुण्यातही सेवासदन सुरू झाले. त्यासाठी रमाबाईंनी आपले राहते घरच मोकळे करून दिले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे या कार्यात त्यांचे खंदे सहकारी होते. प्रौढ स्त्रियांना लिहिणे-वाचणे, शिवणकाम, प्रथमोपचार असे नाना विषय तेथे शिकविले जाऊ लागले. या साऱ्यांत कठीण काम एकच होते: परिचारिका तयार करणे.

अडचणी काय थोड्या होत्या? परिचारिकेला रात्री-अपरात्री कामावर राहावे लागे. परपुरुषांच्या देखत वावरावे लागे. रक्त, पू, मलमूत्र यांची किळस टाकावी लागे. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, रुग्णाची जात विचारून त्याला स्पर्श करणे चालणारे नव्हते. ज्या घरांत सावलीचाही विटाळ मानीत, त्या घरांतील स्त्रियांना हे सांगावयाचे कसे? रमाबाईंनी वादविवादापेक्षा विश्वासाची वाट धरली. रमाबाईंसारखी प्रतिष्ठित स्त्री पाठीशी उभी आहे, हे पाहून काही विधवा स्त्रिया पुढे आल्या. सेवासदनाने त्यांच्या शिक्षणाची व राहण्याची सोय केली आणि त्या पुण्याच्या ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या.

हे शिक्षण केवळ पट्ट्या बांधण्याचे आणि औषधाचे थेंब मोजण्याचे नव्हे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल या इंग्रज स्त्रीने १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढली. तिने आपल्या ग्रंथात रुग्णाशी कसे वागावे, याविषयी अगदी बारीकसारीक सूचना केल्या आहेत. रुग्णाच्या खोलीत कुजबुजू नये. कारण आपल्याविषयीच काही वाईट बोलणे चालले आहे, अशा शंकेने तो घाबरा होतो. त्याच्याशी बोलावयाचे ते त्याच्या दृष्टीसमोर बसून. मागे उभे राहून बोलल्यास त्याला मान वळविण्याचे श्रम पडतात. आणि काही होत नाही, असा पोकळ धीर त्याला देऊ नये. त्यापेक्षा तो काय सांगतो, ते शांतपणे ऐकावे. या गोष्टी दिसण्यात लहान. पण त्या अंगी बाणण्यास मनाला मोठे वळण लागते. ज्या स्त्रियांना घरीदारी कोणी ऐकून घेत नव्हते, त्यांनी आता दुसऱ्याचे ऐकावयास शिकावयाचे होते. रमाबाईंनी घालून दिलेला धडा त्यांच्या समोरच होता. न्यायमूर्तींची पत्नी कैद्यांच्या आणि रुग्णांच्या जवळ निःसंकोच बसते, हे पाहिल्यावर निराळ्या उपदेशाची गरज ती काय?

समाजाची नजर मात्र इतक्या लवकर निवळली नाही. एकदा सेवासदनाच्या बक्षीस समारंभात केशवपन केलेली एक विधवा विद्यार्थिनी बक्षीस घेण्यासाठी व्यासपीठावर आली. तिला पाहून प्रेक्षकांतील काही तरुण विद्यार्थी तिची टिंगल करू लागले. रमाबाईंच्या काळजात चर्र झाले. एरवी शांत असणाऱ्या त्या माउलीने त्या तरुणांची कडक शब्दांत कानउघाडणी केली. तुम्ही सुशिक्षित म्हणवता, पण अशी दुर्दैवी बहीण, आत्या किंवा आई कोणाच्या घरी नाही, असे त्यांनी विचारले. सभेत सारे चिडीचूप झाले. दुबळ्याचे दुःख पाहून जो हसतो, त्याचे शिक्षण अपुरे आहे, हे त्या दिवशी सर्वांना कळून चुकले.

पुढे १९१३ साली गुजरात व काठेवाड येथे दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई तेथील लोकांच्या साहाय्यासाठी धावून गेल्या. आळंदीच्या यात्रेत सेवासदनाच्या स्वयंसेविकांना घेऊन जावे आणि यात्रेकरू स्त्रियांची विचारपूस व सेवा करावी, हा क्रम त्यांनी उतारवयातही चालू ठेवला. मुलींना सक्तीचे प्राथमिक शिक्षण मिळावे आणि स्त्रियांना मताचा अधिकार मिळावा, यांसाठीही त्या झटल्या. १९२४ साली त्यांचे निधन झाले. १९६२ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढून त्यांच्या कार्याचा गौरव केला.

आज वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) सारख्या गावातील एखादी मुलगी परिचारिकेचे शिक्षण घ्यावयाचे ठरविते, तेव्हा तिला फार दूर जावे लागत नाही. एका बाजूस वर्धा आणि त्याला लागून सेवाग्राम, तर दुसऱ्या बाजूस नागपूर. ती आगगाडीत बसते आणि निघते. तिला निरोप देताना आईवडिलांना अभिमान वाटतो. वर्गात तिला शरीरशास्त्र शिकवितात, औषधांची नावे शिकवितात. आणि रुग्णाजवळ गेल्यावर प्रथम आपले नाव सांगावे, त्याचे नाव विचारावे, काय करणार आहोत ते समजावून मगच त्याला हात लावावा, हेही शिकवितात. ही वाट तिला मोकळी दिसते, कारण शंभराहून अधिक वर्षांपूर्वी काही स्त्रियांनी लोकनिंदा सोसून ती चालण्यास आरंभ केला, आणि रमाबाई त्यांच्या सोबत होत्या.

मुलांनो, आपल्यापैकी प्रत्येकालाच परिचारिका किंवा डॉक्टर होता येईल असे नाही. परंतु घरी आजी अंथरुणाला खिळली असेल, शेजारचा मित्र तापाने फणफणत असेल, तर त्याच्यापाशी घटकाभर बसणे आणि त्याचे बोलणे मन लावून ऐकणे आपल्या सर्वांना साधण्यासारखे आहे. औषध रोगावर चालते. मायेचा शब्द माणसाला उभारी देतो. रमाबाईंनी ही गोष्ट ओळखली आणि इतरांनाही शिकविली, यातच त्यांच्या जीवनाचे थोरपण आहे.