बायकोच्या मातीलाही पोचू न शकलेला मोर्स

लातूर-नांदेडकडं ‘तार आली’ म्हटलं की घरात धडकी भरायची. बरं-वाईट झाल्याचा सांगावा तारेनंच यायचा. ही तार ज्या टिंब-रेघांच्या भाषेत धावायची, तिला सॅम्युएल मोर्स यांचं नाव आहे.

मोर्स यांचा जन्म २७ एप्रिल १७९१ चा, अमेरिकेतला. पेशानं ते चित्रकार. फेब्रुवारी १८२५ मध्ये ते कामासाठी वॉशिंग्टनला होते आणि इकडं न्यू हेवनला पत्नी लुक्रेशिया वारल्या. पत्र मिळून ते घरी येईस्तोवर माती झाली होती.

१८३२ मध्ये जहाजावर विजेच्या चुंबकाच्या गप्पा निघाल्या आणि तारेतून निरोप पाठवायचं त्यांच्या मनानं घेतलं. पुढं बरीच वर्षं पैशाची ओढाताण झाली. आल्फ्रेड वेल यांनी यंत्र घडवायला मोठी मदत केली. सरकारनं ३० हजार डॉलर मंजूर केल्यावर २४ मे १८४४ ला वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला पहिला संदेश गेला. अंतर साधारण लातूर-उदगीरएवढं. पत्राला दिवस लागायचे, तारेला क्षण लागला.

मोर्स यांचं यंत्र कागदाच्या पट्टीवर टिंब-रेघा उमटवायचं. पण तारमास्तर नुसत्या कडकट्ट आवाजावरूनच अक्षरं ओळखायला लागले. २ एप्रिल १८७२ ला मोर्स वारले. २०१३ च्या जुलैत आपल्याकडची तारही बंद झाली.

त्यांची भाषा मात्र हौशी रेडिओवाल्यांनी, म्हणजे हॅमवाल्यांनी जपली. आता ‘एफएलडिजी’सारखं फुकट सॉफ्टवेअर आवाज मोजून अक्षरं पडद्यावर दाखवतं. रेघ टिंबाच्या तिप्पट, दोन अक्षरांत तीन टिंबांची जागा, दोन शब्दांत सात, असा हिशोब. म्हणजे वाचायचं काम पुन्हा यंत्राकडं आलं. पण खरखर वाढली किंवा पाठवणाऱ्याचा हात डळमळला की सॉफ्टवेअर गडबडतं. तिथं सरावलेला कानच कामाला येतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हाही हॅमवाले निरोप पोचवायला धावून आले होते. आज ज्यांना हे शिकायचंय त्यांना रेडिओवरून बोलायला केंद्र सरकारचा परवाना काढावा लागतो. त्यातल्या साध्या श्रेणीला मोर्सची परीक्षा नसते. तरीही टिंब-रेघा शिकून ठेवाव्यात, कारण अगदी क्षीण आवाजातही त्या ओळखू येतात.