तैयब मेहता : मोजक्या रेषांतली मनाची झुंज



आज ज्या चित्रकाराची ओळख करून घेऊया, त्यांच्या चित्रात तसं बघितलं तर फार काही नसतं. एखाद-दुसरी आकृती, सपाट रंगाचे मोठे भाग आणि अगदी मोजक्या रेषा. तरीही त्या चित्रासमोर माणूस थबकतो. असं का होतं, ते त्यांच्या आयुष्यात डोकावलं की कळतं.

बालपण आणि शिक्षण

तैयब मेहता यांचा जन्म २६ जुलै १९२५ रोजी गुजरातमधील कपडवंज येथे एका दाऊदी बोहरा कुटुंबात झाला. लहानपण गेलं मुंबईत, क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात. घरच्यांचा सिनेमाच्या व्यवसायाशी संबंध होता, त्यामुळे तरुणपणी त्यांनी आधी फिल्म संपादनाचं काम केलं. पुढे चित्रकलेची ओढ लागली आणि ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. १९५२ मध्ये त्यांनी तिथला अभ्यासक्रम पूर्ण केला.

खिडकीतून दिसलेलं दृश्य

१९४७ साल. फाळणीच्या दंगलींचे दिवस. तैयब तेव्हा मोहम्मद अली रोडवर राहत होते. घराच्या खिडकीतून त्यांनी खाली रस्त्यावर जमावाने एका तरुणाला दगडांनी ठेचून मारताना पाहिलं. त्या धक्क्याने त्यांना कित्येक दिवस ताप होता. ताप उतरला, पण ते दृश्य काही मनातून गेलं नाही. आपण कोण, आपलं माणूस कोण, आणि माणूस माणसाशी असं का वागतो, हे प्रश्न त्यांच्या चित्रांत आयुष्यभर येत राहिले.

पण गंमत बघा, त्यांनी दंगलीची गर्दी, जाळपोळ असलं काही रंगवलं नाही. त्यांनी रंगवला पाय बांधलेला बैल, हातरिक्षा ओढणारा माणूस आणि उंचावरून खाली कोसळणारी आकृती. १९७० च्या ‘कूडल’ या लघुपटातही वांद्र्याच्या कत्तलखान्यातला बैल दिसतो. एवढा ताकदवान प्राणी, पण बांधलेला! माणसाची घुसमट दाखवायला त्यांना हेच रूप पुरलं.

एक तिरकी रेघ

१९५९ ते १९६४ ही वर्षं त्यांनी लंडनमध्ये काढली. १९६८ मध्ये शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. तिथे मोठ्या कॅनव्हासवर थोडक्या रंगांत केलेली कामं त्यांनी पाहिली. परत आल्यावर चित्र मनासारखं जमेना. १९६९ मध्ये वैतागून त्यांनी कॅनव्हासवर एक तिरकी रेघ ओढली आणि त्यातूनच त्यांना वाट सापडली. रेघेने आकृतीचे दोन भाग झाले : एकाच माणसाच्या आत भांडणारे दोन जण म्हणा ना!

१९८० च्या दशकात ते काही काळ शांतिनिकेतनात राहिले. त्यानंतर काली आणि महिषासुर त्यांच्या चित्रांत आले. देवी आणि महिषासुर एकमेकांत असे गुंतलेले, की एकाचं शरीर कुठे संपतं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू होतं हे शोधावं लागतं. २००५ मध्ये त्यांचं एक महिषासुर-चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात दहा लाख डॉलरहून जास्त किमतीला गेलं. २००७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. २ जुलै २००९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. मनाला न पटलेली कित्येक चित्रं त्यांनी स्वतःच नष्ट केली होती.

आपल्या वर्गासाठी

आपल्या नालासोपाऱ्यातल्या वर्गांत किती ठिकाणांहून आलेली मुलं बसतात! घरी एक भाषा, शाळेत दुसरी. काहींनी लहान वयात नको ते पाहिलेलं असतं आणि निबंधात ते कधीच उतरत नाही. म्हणून एक करून बघा. मुलांना फक्त तीन रंग द्या. एकच माणूस काढायला सांगा, मागे घर, झाड, डोंगर काही नको. तो आनंदात आहे की घाबरलाय, हे उभं राहण्यावरूनच कळू द्या.

पालकहो, मुलाने घरी असं चित्र आणलं तर कागद रिकामा का ठेवलास म्हणून रागावू नका. शिक्षकांनीही सगळ्यांसमोर खोदून विचारू नये. नंतर शेजारी बसा आणि त्याला बोलावंसं वाटलं तर ऐका. तैयब मेहतांनाही पाहिलेलं ते दृश्य कॅनव्हासवर उतरवायला कितीतरी वर्षं लागली होती.